बुरशी पिकवणाऱ्या मुंगीची नवी प्रजाती: घरट्यापासून नावापर्यंतचा योग्य क्रम

नव्या प्रजातीचं वर्णन करायला निघालेल्या अनेकांचा क्रम उलटा असतो. आधी नाव सुचतं, मग फोटो निघतात, मग डीएनए तपासायला जातो. जुन्या प्रजातींचे मूळ नमुने, म्हणजे ज्यांवरून त्या पहिल्यांदा वर्णिल्या गेल्या ते, कुठे आहेत, याची शोधाशोध परीक्षकाने विचारल्यावरच सुरू होते. तोवर घरटं उकरून झालेलं असतं, राणी निसटलेली असते आणि निम्म्या कुप्यांवर लेबल नसतं. यातलं काहीही मागाहून भरून काढता येत नाही. म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे, आणि त्या क्रमात नाव जवळजवळ शेवटी येतं.

क्रम चुकला की काय होतं, याचं चांगलं उदाहरण पनामात आहे. मायसेटोमोएलेरियस झेटेकी ही मुंगी १९४० साली बॅरो कोलोरॅडो बेटावरच्या नमुन्यांवरून वर्णिली गेली. पुढे पनामा कालव्याच्या परिसरात ओढ्यांच्या काठांवर तिची घरटी सहज मिळतात म्हणून तिच्यावर भरपूर संशोधन झालं: सहजीवी जीव, बुरशीबागेचे रोग, मीलन, अगदी जनुकसंचही. मात्र बहुतेक नमुने बेटावरून नव्हे, आग्नेयेला सुमारे १५ किलोमीटरवरच्या मुख्य भूमीवरून घेतलेले होते. तिथे दोन भावंड-प्रजाती, म्हणजे जवळच्या नात्यातल्या आणि सारख्या दिसणाऱ्या प्रजाती, शेजारीशेजारी राहतात. २०२१ मध्ये दुसरीचं मायसेटोमोएलेरियस मायक्रोमेलॅनोस या नावाने रीतसर वर्णन झालं, तेव्हा उघड झालं की झेटेकीच्या नावावर छापलेलं बहुतेक काम, त्या जनुकसंचासकट, या नव्या प्रजातीचं होतं. हा गुंता सोडवण्यासाठी जपून ठेवलेले नमुने किती मोलाचे असतात, हे त्या कामाने दाखवून दिलं.

एक खुलासा आधीच करतो. बुरशीची शेती करणाऱ्या मुंग्या फक्त अमेरिका खंडांत आहेत, अर्जेंटिनापासून न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडपर्यंत, सुमारे २५० वर्णित प्रजाती. सह्याद्रीत वारूळ फुटल्यावर आत दिसणारे बुरशीचे सच्छिद्र गोळे वाळवीचे असतात. ते घेऊन मुंगीची नवी प्रजाती शोधू नका. हा लेख तिकडच्या प्रयोगशाळांत काम करणाऱ्या किंवा तिथल्या संग्रहांवर काम करू पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसाठी आहे.

## १. निघण्याआधी: परवाने आणि वाचन

परवाना एक नसतो. नमुने गोळा करण्याचा वेगळा, देशाबाहेर नेण्याचा वेगळा, आणि जनुकीय अभ्यासाचा बहुतेक ठिकाणी आणखी वेगळा. ब्राझीलमध्ये नमुने गोळा करण्यासाठी सिसबायो ही प्रणाली आहे आणि जनुकीय संपत्तीच्या वापराची नोंद सिसजेनमध्ये करावी लागते. त्यामागे २०१५ चा कायदा आहे. परदेशी विद्यार्थ्याला स्थानिक संशोधकासोबतच काम करावं लागतं, असं धरूनच आखणी करा. आणि त्या संशोधकाला फक्त परवान्यापुरतं सोबत घेऊ नका. कुठलं घरटं कुठे आणि कधी मिळेल, हे त्यांनाच माहीत असतं.

वाचनात एक गोष्ट टाळता येत नाही: त्या जीनसचं, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटाचं, सगळ्यात अलीकडचं संपूर्ण पुनरावलोकन. या गटात नावं खूप हलली आहेत. जुनी ट्रॅकिमिर्मेक्स ही जीनस २०१९ मध्ये तीन भागांत वाटली गेली: ट्रॅकिमिर्मेक्स, मायसेटोमोएलेरियस आणि पॅराट्रॅकिमिर्मेक्स. लक्षणांवरून प्रजाती ओळखायची त्याआधीची किल्ली वापरलीत तर तुमची तुलना चुकीच्या गटाशी होऊ शकते. अँटकॅट या ऑनलाइन सूचीवरून त्या जीनसमधल्या सगळ्या नावांची यादी काढा, अमान्य ठरलेल्या नावांसकट. प्रत्येक नावासमोर मूळ वर्णन, मूळ ठिकाण आणि मूळ नमुना ठेवलेलं संग्रहालय लिहा. पुढच्या सगळ्या कामाचा आधार हा तक्ता आहे.

तपासा: यादीतल्या प्रत्येक प्रजातीचं मूळ वर्णन तुम्ही स्वतः वाचलं आहे का? कुणीतरी नंतर लिहिलेला सारांश पुरत नाही.

## २. घरटं शोधणं आणि खोदणं

अ‍ॅटासारख्या पानं कापणाऱ्या मुंग्यांची घरटी लांबूनही ओळखता येतात. लहान वसाहतींच्या प्रजातींचं तसं नाही. त्यांचं दार मातीतलं एक बारीक भोक असतं आणि कामकरी मुंग्या एकेकट्या फिरतात. अशा ठिकाणी तांदळाचा किंवा मक्याचा रवा जमिनीवर टाकतात. मुंगीने पांढरा कण उचलला की तिच्या मागे नजर ठेवायची. घाई करू नका. वाटेत ती थांबते, कण खाली ठेवते, परत उचलते. दार सापडलं की लगेच खूण रोवा, जीपीएस नोंदवा आणि दाराचा मोजपट्टीसह फोटो घ्या. दाराभोवतीच्या मातीचा आकार हेही एक लक्षण असतं आणि पहिल्या खुरप्यासरशी ते नष्ट होतं.

आता खोदकाम. सगळ्यात जास्त घरटी इथेच वाया जातात. दारावरून सरळ खाली खणलंत तर माती कोसळून बागेवर पडते, बोगदा हरवतो आणि राणी ढिगाऱ्यात जाते. योग्य पद्धत अशी:

1. दारापासून थोडं बाजूला, लहान घरट्यासाठी साधारण हातभर अंतरावर, उभा चर खणा. चराचा तळ अपेक्षित कप्प्याच्या खाली गेला पाहिजे.
2. दाराकडची भिंत चमच्याने किंवा बोथट सुरीने पातळ पापुद्रे काढत पुढे सरकवा.
3. कप्प्याची पोकळी दिसली की थांबा. खोली मोजा, कप्प्याची उंची-रुंदी मोजा, बाग छतापासून लोंबते आहे की तळावर बसली आहे ते पाहा, फोटो घ्या.
4. मगच बाग चमच्याने अलगद उचलून ओलसर प्लास्टरचा तळ असलेल्या डबीत ठेवा. राणी बहुतेक वेळा बागेच्या आत असते.
5. पहिला कप्पा मिळाला म्हणून काम संपलं असं समजू नका. बोगदा पुढे जातो का, ते गवताची काडी घालून पाहा.

बाग कशावर वाढवली आहे, हेही तिथेच पाहून लिहा: ताजी पानं, वाळका पाचोळा, फुलांच्या पाकळ्या, की सुरवंटांची विष्ठा. नंतर अल्कोहोलमधल्या गोळ्यावरून हे नीट कळत नाही.

सावधान: राणी काढली की ती वसाहत संपते. एका जागी सापडलेली सगळी घरटी उकरू नका. काही घरट्यांतून फक्त कामकरी मुंग्या घ्या आणि घरटं मागे ठेवा. वर्तन पाहायला परत यावं लागेल.

## ३. एका वसाहतीचे वेगवेगळे वाटे

वसाहत हातात आली की ती सगळीच्या सगळी अल्कोहोलमध्ये टाकायचा मोह होतो. थांबा. आधी ठरवा की कोणता पुरावा कोणत्या वाटेने जपायचा आहे, कारण एका पद्धतीने जपलेला नमुना दुसऱ्या कामाला निरुपयोगी असतो.

मोजमापासाठी आणि डीएनएसाठी मुंग्या ९५ टक्के इथेनॉलमध्ये घाला. बागेचा तुकडा वेगळ्या कुपीत. दोन्ही एकत्र ठेवलंत तर बुरशीचे धागे मुंग्यांच्या केसांत अडकतात आणि ते साफ करताना केसच तुटतात. एका दिवसानंतर इथेनॉल बदला. शरीरातल्या आणि बागेतल्या पाण्याने ते पातळ होतं. बुरशी प्रयोगशाळेत वाढवायची असेल तर ताजी बाग लागते, आणि ती घेताना बागेवरची परजीवी बुरशी एस्कोव्हॉप्सिस सोबत येऊ शकते हे ध्यानात ठेवा. कामकरी मुंग्यांच्या गंधद्रव्यांची तुलना करायची असेल तर नमुने अल्कोहोलमध्ये बुडण्याआधीच बाजूला काढावे लागतात. मायक्रोमेलॅनोस आणि झेटेकी वेगळ्या आहेत हे दाखवताना या द्रव्यांचाही आधार घेतला गेला होता. त्या अभ्यासकांनी सगळं इथेनॉलमध्येच टाकलं असतं तर तो दुवा मिळाला नसता.

शक्य असेल तर एकदोन वसाहती जिवंत ठेवा. पंखवाले नर आणि तरुण राण्या वसाहतीत वर्षभर नसतात, आणि त्यांच्यातच फरक ठळक दिसू शकतो. मायक्रोमेलॅनोसच्या राण्या लहान आणि काळ्या, झेटेकीच्या मोठ्या आणि लालसर. प्रजाती दोन असाव्यात हा संशय मुळात राण्यांवरून आणि कामकऱ्यांच्या वागण्यावरूनच आला होता.

प्रत्येक वसाहतीला एकच क्रमांक द्या आणि तो प्रत्येक कुपीच्या आत, पेन्सिलीने किंवा न विरघळणाऱ्या शाईने लिहून घाला. बाहेर चिकटवलेलं लेबल इथेनॉलने सुटतं, बॉलपेनची शाई पसरते.

तपासा: एकाच क्रमांकाखाली कामकरी, राणी, बाग, फोटो, घरट्याची मापं आणि जीपीएस हे सगळं जुळतं का? रात्री मुक्कामावर पोचल्यावर हे जुळवा. दुसऱ्या दिवशीवर ढकलू नका.

## ४. माउंट आणि लेबल

अभ्यासासाठी मुंगी वाळवून त्रिकोणी कागदी पट्टीच्या टोकावर पाण्यात विरघळणाऱ्या गोंदाने चिकटवतात. टोक मधल्या आणि मागच्या पायांच्या बुडांच्या मध्ये, खालून यावं. गोंदाचा थेंब मोठा झाला की धडाची बाजू झाकली जाते, आणि नेमकी तिथलीच लक्षणं लागतात. पाय डोक्याखाली दुमडून वाळू देऊ नका. जबडे समोरून मोकळे दिसले पाहिजेत.

या मुंग्यांचं अंग खडबडीत असतं, त्यात माती अडकते. काहींच्या छातीवर सहजीवी जिवाणूंचा पांढुरका थर असतो, तर सेरिकोमिर्मेक्स या जीनसच्या अंगावर वेगळाच पांढरा स्फटिकासारखा थर दिसतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी फोटो, मग मऊ कुंचल्याने सफाई, मग पुन्हा फोटो. काही मुंग्या न धुता तशाच ठेवा. पांढरा थर म्हणजे शरीराचा रंग असं समजून लिहिलेलं वर्णन पुढच्या माणसाला चकवतं.

पहिल्या लेबलावर देश, प्रांत, नेमकं ठिकाण, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि वसाहत-क्रमांक. दुसऱ्यावर अधिवास. ओळख सांगणारं लेबल नेहमी वेगळं, ओळख पटवणाऱ्याच्या नावासह आणि वर्षासह.

सावधान: ज्या मुंगीला होलोटाइप, म्हणजे प्रजातीचं नाव जिच्याशी कायमचं जोडलं जातं तो एकमेव नमुना, करण्याचा विचार आहे ती एकटीच एका टाचणीवर असू द्या. एका टाचणीवर तीन मुंग्या आणि होलोटाइप कोणती ते लिहिलेलं नाही, असे जुने नमुने आजही लोकांचा वेळ खातात.

## ५. मूळ नमुन्यांशी तुलना

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मी तर म्हणेन, या टप्प्यासाठी ठरवलेला वेळ आधीच दुप्पट धरा.

आधी जीनस पक्की करा. अ‍ॅटा आणि अ‍ॅक्रोमिर्मेक्स यांच्यात गोंधळ होतो: अ‍ॅटाच्या कामकऱ्यांच्या धडावर काट्यांच्या तीन जोड्या आणि पोट गुळगुळीत, अ‍ॅक्रोमिर्मेक्समध्ये काट्यांच्या जोड्या जास्त आणि पोटावर गाठी. मायकोसेपुरसच्या धडावर काट्यांचा मुकुट असतो. सेरिकोमिर्मेक्सवर दाट मऊ केस आणि डोकं मागे खाच असलेलं, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं.

मग पहिल्या टप्प्यातला तक्ता उघडा. तुमच्या मुंगीशी जुळू शकणाऱ्या प्रत्येक नावाचा मूळ नमुना पाहायचा आहे, अमान्य ठरलेल्या नावांचाही. अमान्य ठरलेलं एखादं जुनं नाव खरं तर तुमच्याच मुंगीचं असू शकतं. तसं असेल तर नवं नाव देता येत नाही, जुनंच पुन्हा उभं करावं लागतं. बऱ्याच मूळ नमुन्यांचे फोटो अँटवेब या ऑनलाइन संग्रहात आहेत, पण फोटोत केसांचा कोन आणि पृष्ठभागाची बारीक नक्षी नीट कळत नाही. साओ पाउलो विद्यापीठाचं प्राणिशास्त्र संग्रहालय, वॉशिंग्टनचं स्मिथसोनियन, हार्वर्डचं तुलनात्मक प्राणिशास्त्र संग्रहालय अशा ठिकाणी जाऊन पाहावं, किंवा तिथल्या संग्रहपालांकडे ठरावीक कोनांतून फोटो मागावेत.

या तुलनेतून काय निघू शकतं, हे सेरिकोमिर्मेक्सच्या २०१७ च्या पुनरावलोकनात दिसतं. शेवटी ११ प्रजाती राहिल्या, त्यांतल्या तीन नव्या. पण त्याच कामात आधीची अनेक नावं एकमेकांत विलीन झाली. म्हणजे नीट तुलना केली की नवी नावं कमी आणि रद्द होणारी जास्त असंही घडतं. तुमच्या मुंगीच्या बाबतीत तसं घडलं तर तेही प्रकाशित करण्याजोगं काम आहे.

तीन फसवणुकी या गटात वारंवार होतात:

आकाराची. अ‍ॅटाच्या एकाच वसाहतीत सगळ्यात लहान कामकरीच्या डोक्याची रुंदी एक मिलिमीटरपेक्षाही कमी, तर सगळ्यात मोठीची पाच मिलिमीटरच्या आसपास असते. लहानगीच्या अंगावर मोठीची लक्षणं दिसतच नाहीत. तुलना नेहमी समान आकाराच्या मुंग्यांची करा.

पाहुण्यांची. एकाच घरट्यात दोन प्रकारच्या मुंग्या मिळाल्या तर दुसरी परजीवी असू शकते. पनामातली अ‍ॅक्रोमिर्मेक्स इन्सिन्युएटर ही १९९८ मध्ये वर्णिलेली प्रजाती दुसऱ्या अ‍ॅक्रोमिर्मेक्सच्या घरट्यात राहते. ब्राझीलमधली मायकोसेपुरस कॅस्ट्रेटर, वर्णन २०१०, ही मायकोसेपुरस गोएल्डीच्या घरट्यात राहते. घरट्यातली वेगळी दिसणारी राणी त्याच वसाहतीची आहे असं गृहीत धरू नका.

एकाच वसाहतीची. एका वसाहतीतल्या कामकरी मुंग्या बहुधा बहिणी असतात. तीस मुंग्या मोजल्या तरी त्या एका कुटुंबाच्याच होतात. प्रजातीतला फरक कळण्यासाठी वेगवेगळ्या ठिकाणच्या वेगवेगळ्या वसाहती लागतात.

## ६. मोजमाप आणि फोटो

डोक्याची लांबी, डोक्याची रुंदी, मिशीच्या पहिल्या लांब खंडाची म्हणजे स्केपची लांबी, डोळ्याचा व्यास, धडाची तिरपी लांबी, कमरेच्या दोन्ही गाठींची मापं. एवढं किमान. मायक्रोमेलॅनोसच्या वर्णनात अशी मापं आणि त्यांवरून काढलेले निर्देशांक आहेत. प्रत्येक माप कुठून कुठपर्यंत घेतलं, हे शब्दांत आणि रेखाचित्रात द्या. दोन लेखकांच्या "डोक्याची लांबी" बऱ्याचदा वेगळ्या असतात.

मोजताना डोकं अगदी समोरून दिसलं पाहिजे: जबड्यांवरची कड आणि डोक्याची मागची कड एकाच वेळी स्पष्ट दिसली की कोन बरोबर. याने किती फरक पडतो ते पाहा. समजा डोक्याची लांबी १.०० मिलिमीटर आणि रुंदी ०.९५. रुंदी भागिले लांबी गुणिले शंभर, निर्देशांक ९५. डोकं थोडं कलल्यामुळे लांबी ०.९४ वाचली गेली, तर तोच निर्देशांक १०१ होतो. लांबट डोक्याची मुंगी कागदावर रुंद डोक्याची झाली, आणि हा फरक तुम्ही प्रजातीतला फरक म्हणून लिहून बसाल.

तपासा: काही मुंग्या आठवड्याने, आधीचे आकडे न पाहता, पुन्हा मोजा. तुमच्याच दोन मोजमापांतला फरक हा दोन प्रजातींमध्ये तुम्ही सांगत असलेल्या फरकाएवढा असेल, तर तो फरक वर्णनातून काढून टाका.

फोटो किमान तीन: डोकं समोरून, शरीर बाजूने, शरीर वरून. वेगवेगळ्या खोलीवर घेतलेले फोटो जोडून एक करा आणि प्रत्येकावर मोजपट्टी ठेवा. चौथा फोटो लेबलांचा.

## ७. डीएनए: कधी, किती, कशासाठी

डीएनए तुलनेनंतर येतो, तिच्याऐवजी नाही. एकट्या माइटोकाँड्रियाच्या सीओआय जनुकाच्या तुकड्यावर नवी प्रजाती उभी करू नका. मुंग्यांच्या केंद्रकात या जनुकाच्या निकामी प्रती सापडतात आणि त्या चुकून वाचल्या जातात. वोल्बाकिया जिवाणूमुळेही माइटोकाँड्रियाचा वंशवृक्ष दिशाभूल करतो. मायकोसेपुरस स्मिथीच्या बऱ्याच वसाहती नराशिवायच पुढे वाढतात; तिथे प्रत्येक वंशरेषा वेगळी दिसते म्हणून प्रत्येकीला प्रजाती म्हणता येत नाही. केंद्रकातले अनेक जनुक सोबत घ्या.

डीएनए काढताना अख्खी मुंगी वाटू नका. एक पाय पुरतो, किंवा शरीर शाबूत ठेवणारी पद्धत वापरा, आणि ती मुंगी माउंट करून तिच्यावर डीएनए-क्रमांकाचं लेबल लावा. ज्या डीएनएमागे दाखवायला मुंगीच नाही, तो पुढे कुणालाही पडताळता येत नाही. पनामातला गोंधळ सोडवताना जपलेल्या नमुन्यांचं महत्त्व इथेच होतं.

बुरशीचा डीएनएही तपासा, पण तो मुंगीच्या प्रजातीचा पुरावा मानू नका. वेगवेगळ्या प्रजातींच्या मुंग्या सारखी बुरशी पिकवू शकतात.

## ८. थांबून ठरवा: नवी आहे का?

लिहायला बसण्याआधी या प्रश्नांची उत्तरं कागदावर हवीत. एकमेकांवर अवलंबून नसलेले किमान दोन पुरावे जुळतात का, उदाहरणार्थ शरीररचना आणि केंद्रकातला डीएनए? दोन्ही प्रकार एकाच ठिकाणी राहतात का, आणि तरीही मधले नमुने मिळत नाहीत का? मिळत नसतील तर तुमची बाजू भक्कम आहे. मायक्रोमेलॅनोसच्या बाबतीत तसंच होतं. दोन प्रकार दूरदूरच्या ठिकाणचे असतील आणि मधल्या प्रदेशातून काहीच गोळा केलेलं नसेल, तर तुम्हाला दिसणारा फरक कदाचित हळूहळू बदलत जाणारा आहे.

उत्तरं पुरी नसतील तर नाव देऊ नका. वसाहत-क्रमांकासह "जवळची प्रजाती" एवढंच लिहा आणि नमुने संग्रहालयात ठेवा.

## ९. वर्णन लिहिणं

टाइप. मुंग्यांमध्ये होलोटाइप साधारणपणे कामकरी मुंगी असते, कारण पुढे लोकांना तीच सापडणार असते. एकच, शाबूत, लक्षणं स्पष्ट दिसणारी. त्याच वसाहतीतल्या राणी, नर आणि इतर कामकरी मुंग्या पॅराटाइप, म्हणजे होलोटाइपसोबत वर्णनात नोंदलेले बाकीचे नमुने. ओळखीबद्दल जराही शंका असलेल्या वसाहतीतल्या मुंग्या पॅराटाइपमध्ये घालू नका. होलोटाइप ज्या देशात सापडला तिथल्या सार्वजनिक संग्रहालयात ठेवा आणि पॅराटाइप निरनिराळ्या संग्रहालयांत वाटा.

निदान. पूर्ण वर्णन आणि निदान या दोन गोष्टी आहेत. निदानात फक्त शेजारच्या प्रजातींपासूनचे फरक येतात. "मुंगी लहान, तपकिरी आणि काटेरी आहे" हे निदान नाही. निम्म्या गटाला ते लागू पडतं. "जवळच्या प्रजातीत डोक्याच्या मागच्या कोपऱ्यावरचा काटा डोळ्याच्या व्यासापेक्षा लांब असतो, इथे तो व्यासाच्या निम्म्याहून आखूड" हे निदान आहे, कारण वाचणारा ते सूक्ष्मदर्शकाखाली पडताळू शकतो. रंगावर एकट्याने भिस्त ठेवू नका; नुकत्याच कोशातून निघालेल्या मुंग्या फिकट असतात आणि जुने नमुने उजळतात.

वर्णन. डोक्यापासून पोटापर्यंत एकाच क्रमाने, कामकरी, राणी, नर अशा प्रत्येक जातवर्गासाठी स्वतंत्र. मापं देताना कमाल-किमान आणि किती मुंग्या, किती वसाहती, दोन्ही आकडे द्या. शेवटी घरटं, बाग आणि वर्तन, दुसऱ्या टप्प्यात तुम्ही टिपलेलं.

## १०. नाव

आता नाव. आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेची चौथी आवृत्ती २००० पासून लागू आहे, आणि तिचे काही नियम इथे थेट आड येतात.

नवी मुंगी प्रजाती किंवा उपप्रजाती म्हणूनच मांडा. १९६० नंतर "प्रकार" किंवा "रूप" म्हणून दिलेल्या नावाला संहितेत स्थान नाही. नावाजवळ ही नवी प्रजाती असल्याचं स्पष्ट लिहा, होलोटाइप ठरवा, आणि तो कोणत्या संग्रहात, कुठे ठेवला आहे ते सांगा. यातलं एक राहिलं तरी नाव अवैध ठरतं.

व्याकरणही सांभाळावं लागतं. विशेषण असलेलं नाव जीनसच्या लिंगाप्रमाणे बदलतं: "मिर्मेक्स"ने संपणाऱ्या जीनस पुल्लिंगी, अ‍ॅटा स्त्रीलिंगी, एप्टेरोस्टिग्मा नपुंसकलिंगी. एका पुरुषाच्या सन्मानार्थ नावाला शेवटी "आय" (i) लागतो, स्त्रीसाठी "एई" (ae). स्वतःचं नाव देऊ नका. नियम अडवत नाही, पण या क्षेत्रात ते अशोभनीय मानलं जातं. मराठी शब्दावरून नाव घेत असाल तर ळ, ण, श यांच्यासाठी रोमन अक्षरांवर दिलेली टिंबं आणि रेघा चालत नाहीत. साधी रोमन अक्षरंच वापरा.

निवडलेलं नाव त्याच जीनसमध्ये आधी वापरलं आहे का ते अँटकॅटवर पाहा. शिवाय जवळच्या जीनसमध्येही पाहा: ट्रॅकिमिर्मेक्स आणि तिच्यापासून वेगळ्या झालेल्या दोन जीनस पुढे कुणी पुन्हा एकत्र केल्या, तर दोन समान नावं एका घरात येतील.

सावधान: प्रकाशनापूर्वी हे नाव परिषदेतल्या सारांशात, पोस्टरवर, प्रबंधात किंवा समाजमाध्यमांवर टाकू नका. वर्णनाविना फिरू लागलेलं नाव अवैध असतं, तरी लोक ते वापरायला लागतात. तोवर वसाहत-क्रमांक वापरा.

## ११. प्रकाशन आणि त्यानंतर

फक्त ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकात वर्णन देणार असाल, तर २०१२ च्या दुरुस्तीप्रमाणे लेखाची झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत आधी नोंदणी हवी, नोंदणीचा पुरावा लेखातच छापलेला हवा आणि प्रकाशनाची तारीखही लेखात हवी. ही जबाबदारी संपादकाची असं समजून सोडू नका. शेवटच्या प्रुफात तीनही गोष्टी स्वतः डोळ्यांनी पाहा.

लेख निघाला की फोटो अँटवेबवर, डीएनए क्रम जेनबँक या सार्वजनिक डीएनए-संग्रहात, पॅराटाइप ठरलेल्या संग्रहालयांत. मग एक काम उरतं, आणि बहुतेक जण ते करत नाहीत. तुमच्या प्रजातीवर आधी दुसऱ्याच नावाने कोणकोणतं संशोधन छापलं गेलं, याचा तक्ता द्या. मायक्रोमेलॅनोसच्या लेखात तो आहे आणि तो पाहूनच आज कुणालाही जुने निष्कर्ष कोणत्या मुंगीचे ते कळतं. संग्रहालयांतल्या जुन्या नमुन्यांवर ओळखीचं नवं लेबल लावायलाही वेळ काढा. ते लावताना जुनं लेबल काढू नका. त्याच टाचणीवर, नव्याच्या वर, ते तसंच राहू द्या.